पाहुण्यांचा परिचय

मेलबर्नच्या डँडेनॉन्ग उपनगरात आम्ही राहायचो ते युनिट रांगेतल्या तीन घरांपैकी मधलं होतं. मधल्या घराला स्वतःची अशी शांतता नसते. पुढच्या युनिटमधल्या ग्रीक आजींचा टीव्ही आम्ही ऐकायचो, मागच्या युनिटमधल्या अंकलचा रेडिओ ऐकायचो, आणि आमच्याकडचं त्या दोघांना काय ऐकू जातं हे विचारायची हिंमत कधी केली नाही. ऐकू जाण्यासारखं पुष्कळ होतं. आईचं शिलाई मशीन, बाबांची ढोलकी, आणि माझी नि आईची भांडणं, ज्यांचा विषय बहुतेक वेळा मीच असे. बाबा ऑस्ट्रेलियात आले ते अकाउंटिंग शिकायला. शिकले, पास झाले, पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, मिळवली आणि एका कोल्ड स्टोरेजमध्ये फोर्कलिफ्ट चालवायला लागले, ती निवृत्त होईपर्यंत चालवली. दिवसभर बर्फाच्या कोठारात राहून आलेला माणूस घरी येऊन पहिल्यांदा चहा मागेल असं कोणालाही वाटेल. बाबा आधी ढोलकी मांडीवर घ्यायचे. म्हणायचे, हात ऊबेला येऊ देत, मग कप धरतो. त्यांच्या सेफ्टी बुटांपैकी डाव्याच्या टोकावर हिरव्या रंगाचा एक ओघळ होता, मंडळाच्या गणपतीचं मखर रंगवताना सांडलेला. आई दर महिन्याला म्हणायची, "बूट बदला आता." बाबा दर महिन्याला म्हणायचे, "बाप्पाचा रंग आहे."

मागच्या युनिटमधले अंकल योरुबा होते, नायजेरियातल्या इबादानचे. उंच, सडपातळ, पन्नाशीचे. चालायचे असे की जणू जमीन कोणाची तरी उसनी आणली आहे आणि ती जपून वापरायची आहे. वृद्धांच्या एका निवासात ते साफसफाईचं काम करत. तिथे त्यांच्या छातीवर नावाचा बिल्ला असे आणि त्यावर लिहिलेलं असे 'सॅम'. हे त्यांचं नाव नव्हतं. त्यांचं खरं नाव मॅनेजर बाईंना म्हणता येईना, म्हणून त्यांनी पहिल्या दिवशीच त्याचं तीन इंग्रजी अक्षरांत भागवलं होतं. अंकल माझ्या आईला 'मामा मनू' म्हणत आणि बाबांना 'बाबा मनू', कारण त्यांच्याकडे माणसाला मुलाच्या नावानं हाक मारण्यात मान असतो, आणि त्यांच्या भाषेतही बाबा म्हणजे बाबाच. मनू म्हणजे मी. माझ्यामुळे माझ्या आईबापांना कोणी मान देतंय हे दृश्य आमच्या घरात नवीन होतं. (अंकल बोलायचे इंग्रजीत. मी इथे ते मराठीत लिहिते आहे, त्यामुळे ते होते त्यापेक्षा जरा ठाण्याचे वाटतील. त्याला माझा इलाज नाही.)

ओळख झाली ती डब्यावरून. आईनं एकदा कुंपणावरून साबुदाण्याची खिचडी दिली. दोन दिवसांनी डबा परत आला, धुतलेला, लखलखीत आणि रिकामा. आईनं तो तसाच परत नेऊन दिला आणि सांगितलं की आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. अंकलनी ते इतकं मनावर घेतलं की पुढच्या वेळी डब्याचं झाकण लागेना. आत लालभडक भात होता, टोमॅटो आणि मिरचीत शिजलेला, वर तळलेल्या केळ्यांचे काप. बाबांनी पहिला घास घेतला आणि निकाल दिला, "हा वाट चुकलेला मसालेभात आहे." अंकलना ते सांगितल्यावर ते कुंपणाला धरून हसले. "बाबा मनू, वाट तुमचा भात चुकला. आमचा घरीच आहे." तिथून पुढे अनेक वर्षं तो स्टीलचा डबा त्या कुंपणावरून इकडून तिकडे जात राहिला, आणि तो नेमका कोणाच्या मालकीचा हे कोणालाच नक्की सांगता आलं नसतं.

अंकल वाजवतात हे आम्हाला माहीत होतं. काखेत धरायचा ढोल, डमरूसारखा मध्ये आवळलेला, आकडीसारख्या वाकड्या काठीनं वाजवायचा. त्याच्या दोऱ्या काखेत दाबल्या की आवाज चढतो, सोडल्या की उतरतो. त्यांची भाषा सुरांवर चालते, त्यामुळे हा ढोल नुसता ताल धरत नाही, वाक्यं बोलतो. बाबा ते पहिल्यांदा ऐकून अर्धा तास गप्प बसले होते, आणि माझ्या बाबांचं गप्प बसणं ही दाद फार कमी लोकांना मिळाली आहे. पण त्याच काळात मेलबर्नमध्ये एक आफ्रोबीट बँड नावाजलेला होता, शनिवार-रविवारी हॉलमध्ये वाजवणारा. ट्रम्पेट, गिटार, दोन ड्रमवाले, फोलाके नावाची सॅक्सोफोन वाजवणारी जाडजूड हसरी बाई, आणि मधोमध नखशिखांत कापडाच्या पट्ट्यांनी झाकलेला एक ढोलवाला. चेहऱ्याच्या जागी जाळी. पोस्टरवर बाकी सगळ्यांची नावं असत आणि त्याच्या नावाच्या जागी नुसती मोकळी चौकट. त्यांचं एक गाणं सुरू झालं की भाजी चिरून, फोडणी देऊन, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत संपत नसे. मी फार कशानं भारावून जात नाही, तेव्हाही जात नव्हते. मुखवट्याचं मला थोडं हसूच यायचं. वाटायचं, चांगला वाजवतोस की, मग हा तमाशा कशाला?

मग एका रविवारी अंकल कुंपणापाशी आले आणि आईला म्हणाले, "मामा मनू, एक कपडा उसवलाय. तुमच्या मशीनवर होईल का?" त्यांच्या हातात तो मुखवटा होता. आईनं तो टेबलावर पसरला. शंभर प्रकारची कापडं होती त्यात, मखमल, चीट, कोणाच्या तरी लग्नातलं जरीचं काही. आईनं कशाबद्दल काही विचारलं नाही. चष्मा लावला आणि उसवलेली शिवण शोधायला लागली. मी मात्र एकोणीस वर्षांची होते आणि युनीत, म्हणजे विद्यापीठात, जात होते, त्यामुळे मला प्रश्न विचारणं भाग होतं.

"अंकल, हे तुम्ही आहात?"

"मी कुठे? मी तर इथे उभा आहे."

"पण कशासाठी? नाव लपवून काय मिळतं?"

ते म्हणाले, "माझ्या गावात पूर्वज वर्षातून एकदा रस्त्यावर नाचायला येतात, असेच, कापडात. सगळ्या गल्लीला माहीत असतं आत कोण आहे. त्याच्या बायकोला तर पायांवरूनच कळतं. पण कोणी म्हणत नाही. म्हटलं की पूर्वज गेले, आणि उरला नुसता कापड गुंडाळलेला शेजारी." मग छातीवर, जिथे बिल्ला असायचा तिथे, त्यांनी बोट ठेवलं. "दिवसभर मी हे लावून फिरतो. ज्याला काही हवं असतं तो वाचतो आणि हाक मारतो, आणि वाचतो तेही चुकीचं. मुखवटा घातला की मला कोणी हाक मारू शकत नाही. ज्या दिवशी कोणी चारचौघांत माझं नाव या कापडाला लावेल, त्या दिवशी मी हे काढून ठेवेन. गेलेल्या माणसाचं नाव ढोल घेतो. जिवंतपणी कोणी घ्यायचं नाही."

आई दोरा दातानं तोडत म्हणाली, "मनू, ऐकलंस ना?" मी ऐकलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे जे झालं त्यात मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मग साथ आली. माझी नातवंडं ते दिवस शाळेत इतिहास म्हणून शिकतात आणि मला विचारतात, फार भीती वाटायची का? भीती वाटायचीच, पण भीतीपेक्षा कंटाळा जास्त वाटायचा, आणि कंटाळ्याचा इतिहास कोणी लिहीत नाही. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, दिवसातून तासभर चालायला परवानगी, कोणाच्या घरी जायचं नाही. माझं विद्यापीठ माझ्या पलंगावर भरायचं. आई फार्मसीतल्या नोकरीवरून आली की जुन्या सुती साड्या फाडून मास्क शिवायची, पुढच्या ग्रीक आजींपासून मागच्या गल्लीतल्या अफगाण दुकानदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडावर माझ्या लहानपणच्या साड्या फिरत होत्या. बाबा कोठारात जात होते, अंकल वृद्धनिवासात जात होते. देश बंद होता तेव्हा ज्यांना बाहेर जायला सांगितलं होतं ते हे असे लोक होते.

रोज पाच वाजता, कामावरून येऊन अंघोळ झाली की, अंकल मागच्या अंगणात उभे राहून ढोल वाजवायचे. ते कोणाला दिसायचे नाहीत. कुंपणावरून फक्त मुखवट्याचा शेंडा हलताना दिसायचा. आणि ते आम्हा प्रत्येकाला नावानं हाक मारायचे. त्यांच्याकडे नाव नुसतं घेत नाहीत, त्याला स्तुतीची शेपटी जोडतात. आईसाठी त्यांनी केलं होतं, 'मामा मनू, जिच्या सुईला झोप नाही.' बाबांसाठी, 'बर्फातून ऊबदार हात घेऊन येणारा.' माझ्यासाठी, 'मनू, उशिरा उठते, पण उठते.' कुंपणावरून ते एकदा समजावून सांगितलं की मग ढोलावर ओळखू यायचं, कोणता चढ कोणाचा, कोणता उतार कोणाचा. ग्रीक आजी आपला नंबर लागेपर्यंत पायरीवर खुर्ची टाकून बसायच्या. बाबा अलीकडून ढोलकीवर उत्तर द्यायचे आणि अंकल पलीकडून ओरडायचे, "बाबा मनू, डावा हात घाई करतो! तो काय ट्रेन पकडतोय?" संपूर्ण गल्लीची नावं वाजवणाऱ्या त्या माणसानं स्वतःचं नाव मात्र कधी वाजवलं नाही.

त्यांचं खरं नाव मी शिकले ते त्याच काळात. मला 'सॅम'चा राग यायचा. एवढ्या चांगल्या माणसाला कुत्र्यासारखं एका टप्प्याचं नाव का म्हणून? मी त्यांना कुंपणावरून म्हणायला लावलं आणि पलंगावर बसून घोकलं. पाच अक्षरं, आणि प्रत्येकाचा सूर ठरलेला. वर, खाली, मध्ये, वर, खाली. एक सूर चुकला तर ते दुसऱ्याच कोणाचं नाव होतं, किंवा कोणाचंच नाही. आठवडाभर आमच्या पातळ भिंती तेच ऐकत होत्या. शेवटी मी कुंपणापाशी जाऊन ते म्हटलं तेव्हा अंकलनी डोळे मिटून घेतले. "इथे आल्यापासून," ते म्हणाले, "पहिल्यांदा कोणी मला माझ्या आईसारखी हाक मारली." मला इतका अभिमान वाटला की तो कुठे ठेवावा कळेना. ज्याला तो ठेवायची जागा नसते, तो माणूस तो बाहेर दाखवायला काढतोच.

तेवढ्यात गणपती आले. मंडळाचा गणेशोत्सव त्या वर्षी झूमवर होता. मंडळाला अध्यक्ष होते, आणि अध्यक्षांना नाव असलं तरी त्यांना सगळे अध्यक्षच म्हणत, त्यांच्या पत्नीसुद्धा. मराठी माणूस कार्यक्रम करतो तो मुळात सत्कारासाठी. मधले आयटम हे दोन सत्कारांच्या मध्ये श्वास घ्यायला असतात. साथीनं सगळं बंद पाडलं पण शाल आणि नारळ बंद पाडू शकली नाही. ते कुरियरनं घरोघरी गेले. सत्कारमूर्तीनं शाल स्वतःच अंगावर घ्यायची, नारळ कॅमेऱ्यासमोर धरायचा, आणि दीडशे चौकोनांनी टाळ्या वाजवल्याचं चित्र पाठवायचं. बाबांनी आनंदानं अंकलचं नाव सुचवलं होतं, म्हणजे त्यांचं नव्हे, मुखवट्याचं. एक जुगलबंदी, कुंपणाच्या दोन बाजूंनी, ढोलकी आणि बोलता ढोल. निवेदन माझ्याकडे, कारण मेलबर्नमध्ये वाढलेल्या मुलांमध्ये 'आदरणीय' हा शब्द न अडखळता म्हणणारी मी एकटी होते.

माझ्या संहितेत मी लिहिलं होतं, 'आजचे पाहुणे आपली ओळख ढोलातूनच करून देतील.' मला ते वाक्य फार आवडलं होतं. बाबांनी एक लॅपटॉप कुंपणावर ठेवला, शाल केरसुणीच्या दांड्याला अडकवून पलीकडे दिली, दीड मीटरचं अंतर राखायला. पलीकडे अंकल पूर्ण वेषात उभे होते आणि शाल त्यांच्या शंभर कापडांत एकशे एकावी होऊन बसली. आम्ही सगळे हसलो. मी वाक्य वाचलं. आणि अध्यक्ष, वर नेहरू जॅकेट आणि खाली, उभे राहिले तेव्हा कळलं, अर्धी चड्डी, अशा अवतारात म्हणाले, "अगं मनाली, थांब थांब. नाव काय यांचं? पाहुण्यांचा परिचय व्हायला हवा ना. परिचयाशिवाय सत्कार म्हणजे... प्रथा आहे एक आपली."

"ते नाव सांगत नाहीत, काका. ती त्यांची—"

"असं कसं? सन्मानपत्रावर काय लिहू मी? 'श्री. मास्क'?" कोणीतरी हसलं. दुसरं कोणीतरी म्यूट करायला विसरून म्हणालं, "अरे, यांना आपली प्रथा कुठून कळणार." आणि मग शांतता. झूमवरची शांतता तुम्ही अनुभवली नसेल तर सांगते, ती दीडशे लोक एकदम तुमच्याकडे बघतात अशी असते. मी निवेदिका होते. शांतता हा माझा दोष होता. आणि माझ्याकडे एक गोष्ट होती जी त्या दीडशेतल्या कोणाकडे नव्हती.

मी नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आपल्या पद्धतीनं. मग गाव. मग, परिचय अपुरा राहू नये म्हणून, ते कुठे काम करतात आणि काय काम करतात. प्रत्येक सूर जागेवर होता. माझा उच्चार अचूक होता.

चॅटमध्ये टाळ्या पडायला लागल्या. एका बाईंनी लिहिलं, 'अय्या, हे तर आमच्या एज्ड केअरचे क्लीनर! सॅम!!' पुढे हसरा चेहरा. त्यांचा हेतू अतिशय चांगला होता. सगळ्यांचा होता. कुंपणापलीकडे मुखवटा क्षणभर हलला नाही. मग त्यानं मान लववली, मंडळाला, अध्यक्षांना, कोणाला कोण जाणे, काखेतला ढोल सोडला, तेव्हा त्यातून एक ढिला, पडका आवाज आला, आणि ते आत गेले. शाल कुंपणावर व्यवस्थित घडी करून ठेवलेली होती. बाबांनी एकट्यानं ढोलकी वाजवली. दोन्ही हात घाई करत होते.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता काही वाजलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ग्रीक आजी पायरीवर खुर्ची टाकून बसल्या, उठल्या, खुर्ची आत नेली. बाबा मला काही बोलले नाहीत. आई बोलली. "तुला माहीत होतं," एवढंच. चौथ्या दिवशी मी कुंपणापाशी गेले. अंकल वाफ्यातलं गवत काढत होते, तोंडावर आईनं शिवलेला निळ्या साडीचा मास्क. मी सॉरी म्हणाले. बरंच काही म्हणाले.

"नो वरीज, मनू," ते म्हणाले.

या देशात दिवसातून पन्नास वेळा हे दोन शब्द ऐकू येतात, दुधाच्या दुकानात, बसमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे. त्यांना अर्थ असतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

"तू खोटं काही बोलली नाहीस," ते म्हणाले. "नाव माझंच आहे. छान घेतलंस. फक्त आता ते त्या कापडात शिरलंय, आणि आत आम्ही दोघं मावत नाही." मग त्यांनी मला पुदिन्याची एक जुडी दिली. डबा येतजात राहिला. पण पाच वाजता गल्ली ऐकायची आणि काही यायचं नाही.

मी फोलाकेला फोन केला. तिनं आधी मला तिच्या भाषेत काहीतरी सुनावलं, ज्याचा अर्थ सुरांवरूनच कळला, मग म्हणाली, "रडू नको. रस्ता आहे. आमच्याकडे दर वर्षी मुखवट्यावर नवं कापड चढवतात. कापड चढलं की मुखवटा नवा झाला, त्याला अजून कोणाचं नाव लागलेलं नाही. पण कापड त्यानंच आणायचं असतं ज्याची चूक आहे. आपल्या घरातलं. चांगलं."

"ते मानतील?"

"म्हातारा हट्टी आहे. पण तू जा. तुझ्यावर जीव आहे त्याचा, नाहीतर चिडला असता."

आईनं कपाट उघडलं आणि तिची हिरवी इरकल काढली, जी तिनं साथीतसुद्धा मास्कसाठी फाडली नव्हती. तिच्या लग्नातली होती. तिनं काठासकट एक लांब पट्टी कापली. तिची किनार मी दुमडून हातानं शिवायची असं ठरलं, कारण चूक माझी होती. तो बुधवार होता. मला शिवण येत नाही. टाके वाकडे आले, उसवले, पुन्हा घातले. गुरुवारी रात्रीपर्यंत पट्टी तयार होती. आई म्हणाली, "जा, देऊन ये उद्या." मी म्हटलं, रविवारी देते. रविवारी त्यांना सुट्टी असते, निवांत बोलता येईल, आणि शुक्रवारी माझी असाइनमेंट द्यायची होती. कुठल्या विषयाची होती ते आज आठवत नाही.

शुक्रवारी दुपारी आमच्या ड्राइव्हवेमध्ये अँब्युलन्स उभी राहिली. वृद्धनिवासातले अकरा जण आजारी पडले होते हे आम्हाला माहीत होतं. सफाई करणारेही माणसं असतात हे, मला वाटतं, कोणाच्या लक्षात आलं नसावं. अंकल स्वतः चालत बाहेर आले, हातात एक छोटी पिशवी. पूर्ण अंगभर निळ्या पोशाखातल्या, चेहरा न दिसणाऱ्या दोन माणसांमधून. मी खिडकीतून पट्टी उंच धरली. त्यांनी पाहिली की नाही मला माहीत नाही. त्यांनी हात वर केला, पण तो ग्रीक आजींसाठी असू शकेल, त्याही खिडकीत होत्या. या एका प्रश्नावर मी आयुष्यात जितका वेळ घालवला आहे तितका मी कुठल्याही तत्त्वज्ञानावर घालवला नाही.

अठरा दिवस. अंत्यविधीला दहा माणसांना परवानगी होती आणि बाकीच्यांना लिंक. आम्ही तिघं सोफ्यावर बसून लॅपटॉपवर पाहिलं, आईनं आंघोळ करून पांढरी साडी नेसली होती. इबादानहून त्यांची बहीण एका चौकोनात होती, तिचं चित्र सारखं गोठत होतं. विधी चालवणारे गृहस्थ सज्जन होते, त्यांनी कागदावरून पूर्ण नाव वाचलं. पाचातले चार सूर चुकले. पुन्हा वाचलं, पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा त्यांनी 'सॅम' म्हटलं आणि सुटकेचा श्वास सोडला. बहिणीचा चौकोन हलला. ते नाव नीट म्हणू शकणारी मी, माझा माइक बंद होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बटणावर बोट ठेवलं आणि ठेवूनच बसले. ज्या दिवशी गप्प बसायचं होतं त्या दिवशी बोलले, आणि ज्या दिवशी बोलायला हवं होतं त्या दिवशी कसं बोलायचं ते मला कळत नव्हतं.

दोनेक आठवड्यांनी फोलाके तिच्या तासाभराच्या परवानगीच्या चालण्यात आमच्या गेटपाशी आली. कठड्यावर आमचा स्टीलचा डबा ठेवला, शेजारी एक गाठोडं ठेवलं आणि मागे सरून उभी राहिली. "अँब्युलन्स यायच्या आधी त्यानं मला फोन केला होता," ती म्हणाली. "म्हणाला, मामा मनूचा डबा माझ्याकडे आहे, रिकामा देऊ नकोस." बाबांनी झाकण उघडलं. आत ती वाकडी काठी होती, मुठीजवळ घासून गुळगुळीत झालेली. गाठोड्यात ढोल आणि मुखवटा. "हा जरा उसवलाय," फोलाके आईकडे बघून म्हणाली. "वेळ मिळेल तसा शिवून ठेवा." आईनं मान हलवली. त्या संध्याकाळी मी माझी हिरवी पट्टी तिच्या मशीनजवळ ठेवली. तिनं माझे वाकडे टाके पाहिले, उसवायला कात्री उचलली, आणि खाली ठेवली. ते तसेच शिवले गेले.

त्यानंतर बाबांना शनिवारचा ओव्हरटाइम सुरू झाला. हा ओव्हरटाइम बराच काळ चालला. आई त्यावर काही बोलत नसे, म्हणून मीही बोलले नाही.

हॉल उघडले तेव्हा पुढचं वर्ष बरंच सरलं होतं. एक खुर्ची सोडून बसायचं, सगळ्यांनी मास्क लावायचा. आईचं डोकं दुखत होतं, म्हणून मी एकटीच गेले. पोस्टरवर सगळ्यांची नावं होती आणि तीच मोकळी चौकट. बँड वाजायला लागला, फोलाकेचा सॅक्सोफोन छत फोडून गेला, आणि मधोमध तो आला, कापडातला. शंभर कापडांत एक हिरवी पट्टी फिरताना वर उडत होती. तेवढ्यात माझी नजर खाली गेली. कापडाच्या खाली बूट होते. डाव्याच्या टोकावर हिरवा ओघळ. मी पुढचं काही लिहिणार नाही.

तो अंकलइतका चांगला वाजवत नव्हता. डावा हात घाई करत होता. मध्येच एकदा बँड थांबला आणि ढोल एकटाच बोलला. वर, खाली, मध्ये, वर, खाली. हॉलमधल्या लोकांना वाटलं, तो ताल देतोय. फोलाकेनं मान खाली घातली. पुन्हा एकदा: वर, खाली, मध्ये, वर. शेवटचा सूर दोऱ्या नीट न सुटल्यामुळे उतरायला हवा होता तितका उतरला नाही. उच्चार अचूक नव्हता.

घरी पोहोचले तेव्हा बाबा आधीच जेवायला बसले होते, केस ओले. आईनं माझं ताट वाढलं.

"कसा झाला कार्यक्रम?" बाबांनी विचारलं.

"छान झाला," मी म्हटलं. "ढोल कोण वाजवत होतं, कळलं नाही."

"असं," बाबा म्हणाले, आणि भाताला हात घातला.